जॉर्जिया आणि ज्युनियर युरोव्हिजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी लहान मुलांचा गाण्याचा वर्ग घेते. वर्गात आम्ही अधूनमधून इतर देशांतल्या मुलांची गाणी ऐकतो, आणि त्यात जॉर्जियाची गाणी हमखास असतात. मग मुलांच्या आयांचे, बाबांचे, आजोबांचे प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

ही स्पर्धा नेमकी कसली?

युरोपातल्या सार्वजनिक दूरचित्रवाणी वाहिन्यांची एक संघटना आहे, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन. मोठ्यांची युरोव्हिजन स्पर्धा हीच संघटना १९५६ पासून घेते आहे. तिचं लहान भावंड म्हणजे ज्युनियर युरोव्हिजन. पहिली स्पर्धा २००३ साली डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये झाली आणि क्रोएशियाच्या मुलाने ती जिंकली. डेन्मार्कमध्ये मुलांची अशी स्पर्धा त्याआधीपासून होत होती, कल्पना तिथूनच उचललेली.

दर देशाने एक गाणं पाठवायचं. गाणारी मुलं आता ९ ते १४ वर्षांची लागतात. गाणं साधारण अडीच ते तीन मिनिटांचं, मंचावर प्रत्यक्ष गायलेलं आणि नवीन असावं लागतं. या शेवटच्या अटीकडे नीट लक्ष द्या, पुढे तिच्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे.

जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं ना?

नाही. हा जॉर्जिया कॉकेशसच्या डोंगररांगांत, काळ्या समुद्राच्या काठावर आहे. राजधानी त्बिलिसी. उत्तरेला रशिया, दक्षिणेला तुर्कस्तान आणि आर्मेनिया, आग्नेयेला अझरबैजान. १९९१ पर्यंत हा देश सोव्हिएत संघात होता. तिथली माणसं आपल्या देशाला ‘साकार्तवेलो’ म्हणतात. भाषा जॉर्जियन, लिपी तिची स्वतःची, ३३ अक्षरांची, द्राक्षाच्या वेलीच्या वेटोळ्यांसारखी दिसणारी.

आकाराचा अंदाज हवा असेल तर क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पावपटीहून कमी आणि लोकसंख्या ३७ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसं होती.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांना त्बिलिसी हे नाव आता नवीन नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी भारतातून हजारो मुलं तिथे जातात आणि त्यात महाराष्ट्रातलीही पुष्कळ असतात. माझी भाची त्यांतलीच एक.

जॉर्जिया या स्पर्धेत कधीपासून आहे? किती वेळा जिंकला?

२००७ साली रॉटरडॅममध्ये पहिल्यांदा उतरला आणि त्यानंतर एकही वर्ष चुकवलेलं नाही. २०२५ धरून १९ वेळा. जिंकला चार वेळा : २००८, २०११, २०१६ आणि २०२४. बरीच वर्षं सर्वाधिक विजयांचा मान एकट्या जॉर्जियाकडे होता. २०२५ मध्ये फ्रान्सने चौथा विजय मिळवून बरोबरी केली, आणि तीही त्बिलिसीत, जॉर्जियाच्याच अंगणात.

पहिल्याच वर्षी मारियम रोमेलाश्विली या मुलीने चौथा क्रमांक आणला होता. तिच्या गाण्याचं नाव ‘ओडेलिया रानुनी’. याचा अर्थ काय, असं मला नेहमी विचारतात. अर्थ काही नाही. आपल्या ‘अडगुलं मडगुलं’ किंवा ‘अटक मटक चवळी चटक’सारखे हे नुसते बोल आहेत. जॉर्जियन लोकगीतांत अशा बोलांना फार मोठी जागा आहे. ओडेलिया, रानिना, डेलिया असे बोल पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले आहेत. ही गोष्ट कळली की पुढच्या वर्षी काय घडलं तेही नीट कळतं.

पहिलं विजेतं गाणं म्हणे शब्दांशिवायच होतं. हे खरं आहे का?

खरं आहे. २००८ साली सायप्रसच्या लिमासोलमध्ये दोन मुली आणि एक मुलगा असे तिघे मंचावर आले. गटाचं नाव ‘ब्झिकेबी’. जॉर्जियन भाषेत ब्झिकी म्हणजे गांधीलमाशी आणि ब्झिकेबी म्हणजे गांधीलमाश्या. गाण्याचं नाव ‘ब्झ्झ’. त्यात कुठल्याही माणसांच्या भाषेतला शब्द नाही. गुणगुण, फुणफुण, तालाचे तुकडे, एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने उचलायचं, बस. स्पर्धेच्या नोंदीत भाषेच्या रकान्यात ‘काल्पनिक’ असं लिहिलेलं आहे. १५४ गुण मिळाले आणि पहिला क्रमांक आला.

संगीतकार गिगा कुखियानिद्झे. जॉर्जियाच्या या सगळ्या कहाणीत हे नाव फिरून फिरून येतं. २०११ चं विजेतं गाणंही त्यांचंच. मुलांचा गळा कुठे चढतो, कुठे दमतो आणि मुलांना कशात मौज वाटते याची त्यांना बारीक जाण आहे.

हे गाणं मी पहिल्यांदा वर्गात लावलं तेव्हा नऊ मुलं होती. गाणं संपलं आणि कोणी काही बोललं नाही. मग मागच्या रांगेतल्या एकाने हळूच ‘झ्झ्झ’ सुरू केलं. दोन मिनिटांत सगळा वर्ग मोहोळ होऊन गेला. मी पेटीवर षड्ज धरला, तर गुणगुणही आपोआप षड्जावर आली. पंचम दिला तर अर्धी मुलं पंचमावर गेली आणि अर्धी षड्जावरच राहिली, आणि खोलीत असा काही नाद भरला की खिडकीची काच थरथरली. भ्रामरी प्राणायाम या मुलांना शाळेत शिकवलेला होता, पण तो त्यांना शिक्षेसारखा वाटायचा. त्या दिवसापासून आमच्या वर्गाची सुरुवात या गुणगुणीने होते. श्वास लांबतो, ओठ सैल पडतात, सूर पक्का होतो. तीन मुलांच्या गांधीलमाश्यांनी मला एवढं दिलं आहे.

त्याच वर्षी तिथे युद्ध झालं होतं ना?

हो. ऑगस्ट २००८ मध्ये रशिया आणि जॉर्जियामध्ये युद्ध झालं. स्पर्धा नोव्हेंबरात होती, म्हणजे मध्ये जेमतेम साडेतीन महिने. त्या रात्री रशियाकडून जॉर्जियाच्या मुलांना १२ गुण मिळाले. एखाद्या देशाला देता येतात ते सर्वांत जास्त गुण.

मोठ्यांची पुढची स्पर्धा, २००९ ची, मॉस्कोत होती आणि जॉर्जियाने आधी तिथे जायचं नाही असं ठरवलं होतं. मुलांच्या विजयानंतर आणि त्या १२ गुणांनंतर त्यांनी निर्णय बदलला. पुढे त्यांच्या गाण्याच्या शब्दांत रशियाच्या नेत्याच्या नावावर कोटी असल्याचा आक्षेप आला, शब्द बदलायला त्यांनी नकार दिला आणि अखेर माघार घेतलीच. मोठ्यांचं बिनसलं. पण मुलांचे ते १२ गुण नोंदीत आहेत आणि राहतील.

२०११ चा विजय कसा होता?

गोड आणि चुरशीचा. ‘कँडी’ नावाचा पाच मुलींचा गट, गाणं ‘कँडी म्युझिक’, स्पर्धा शेजारच्या आर्मेनियात, येरेवानमध्ये. जॉर्जियाला १०८ गुण आणि नेदरलँड्सला १०३. हे गाणं माझ्या फारसं जवळचं नाही, त्यात गोंगाट जरा जास्त आहे. पण त्या पाचजणींतली इरिना खेचानोवी हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

‘म्झेओ’ हे गाणं तुम्ही सगळ्यांना ऐकायला का लावता?

कारण मुलांच्या स्पर्धेतलं याहून सुंदर गाणं मी ऐकलेलं नाही.

२० नोव्हेंबर २०१६, माल्टाची राजधानी व्हॅलेटा. मारियम ममादाश्विली ही ११ वर्षांची मुलगी. ‘म्झे’ म्हणजे सूर्य आणि शेवटचा ‘ओ’ संबोधनाचा. आपण सूर्य शब्दाला आकार जोडून ‘सूर्या’ अशी हाक मारतो, ते ओकार जोडतात. म्हणजे शीर्षकातच हाक आहे, आणि गाणंही हाकेसारखंच वर जातं. सुरुवात इतकी हळू की खोलीतला पंखा बंद करावासा वाटतो. मग एकेक पायरी चढत आवाज मोठा होतो, पण कुठेही ओरडत नाही. वरच्या पट्टीत गेल्यावरही तो अकरा वर्षांच्या मुलीचाच आवाज राहतो. बाईच्या आवाजाची नक्कल तिने केलेली नाही. मी वर्गातल्या मोठ्या मुलींना हे गाणं डोळे मिटून ऐकायला सांगते आणि एकच विचारते, हिचा श्वास तुम्हाला कुठे ऐकू आला? बहुतेकींना तो ऐकूच येत नाही. तिसऱ्यांदा ऐकताना येतो, आणि मग त्या स्वतःच्या श्वासाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

गुण २३९, दुसऱ्या क्रमांकावरच्या आर्मेनियाला २३२. त्या वर्षी घरबसल्या मतदान नव्हतं, परीक्षक मंडळं होती आणि त्यांत मुलांचंही मंडळ होतं. म्हणजे मुलांनीही मुलीला गुण दिले होते.

मुलं निवडतात कशी?

सुरुवातीच्या काळात देशांतर्गत स्पर्धा घेऊन. आता बहुतेक ‘रानिना’ या कार्यक्रमातून. जॉर्जियाच्या सार्वजनिक वाहिनीवर तो आठवड्यामागून आठवडे चालतो. मोजकी मुलं असतात, दर खेपेला वेगळ्या प्रकारची गाणी गातात, त्यांच्याबरोबर वाद्यवृंद असतो. नावाकडे लक्ष गेलं का? वर सांगितलेल्या अर्थाविना बोलांतलाच तो एक बोल. २०१९ चा गियोर्गी रोस्तियाश्विली, २०२१ चा निको काजाया, २०२२ ची मारियम बिगवावा, २०२४ चा अंद्रिया पुतकाराद्झे ही सगळी रानिनातून पुढे आलेली मुलं.

निवडून आलेल्या मुलाला मग त्याच्यासाठी बेतलेलं गाणं मिळतं. गाणं त्याच्या मापाचं शिवतात, आधी शिवलेल्या अंगरख्यात त्याला कोंबत नाहीत.

लहानांत एवढं यश, मग मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये जॉर्जिया मागे का?

मोठ्यांत त्यांचा सर्वोत्तम क्रमांक नववा, २०१० आणि २०११ मध्ये. २०१७ पासून २०२३ पर्यंत तर एकदाही अंतिम फेरी गाठता आली नाही. ‘कँडी’तली इरिना लक्षात ठेवा म्हटलं होतं ना? तीच मोठी होऊन इरू या नावाने २०२३ मध्ये लिव्हरपूलला गेली होती. छान गायली, पण उपांत्य फेरीतच थांबावं लागलं.

माझं मत विचाराल तर मोठ्यांत ते दुसऱ्यांसारखं व्हायला बघतात आणि मुलांत ते स्वतःसारखे राहतात. मोठ्यांच्या स्पर्धेत भाषेची सक्ती नाही, त्यामुळे त्यांची गाणी बरेचदा इंग्रजीत असतात. मुलांच्या स्पर्धेत गाण्याचा किमान ६० टक्के भाग देशाच्या भाषेत हवा असा नियम आहे. जॉर्जियन भाषेत व्यंजनं एकावर एक रचलेली असतात, ऐकताना गोट्या एकमेकींवर आपटल्यासारखी. ती भाषा गाण्यात आली की गाणं कुठल्याही गर्दीत ओळखू येतं.

पण एवढ्याशा देशाला हे जमतं कसं?

एका वाक्यात सांगायचं तर तिथे एकत्र गाणं हा घरचा व्यवहार आहे.

जॉर्जियाचं पारंपरिक गाणं तीन आवाजांत चालतं. तिन्ही आवाज एकाच वेळी वेगवेगळी चाल गातात आणि मिळून एक गाणं होतं. खालच्या आवाजाला ‘बानी’ म्हणतात. मधला, गाणं पुढे नेणारा आवाज ‘म्त्क्मेली’, म्हणजे सांगणारा. आपल्याकडे कीर्तनात बुवा आणि टाळकरी असतात, पण टाळकरी बुवांचीच ओळ उचलतात. तिथे तिघांचे रस्ते वेगळे आणि मुक्काम एक. हे गाणं शेतात, चर्चमध्ये आणि मुख्यतः जेवणाच्या लांबलचक पंगतीत गातात. पंगतीला ते ‘सुप्रा’ म्हणतात. घरातली मुलं त्या पंगतीत खेळत असतात, कानावर पडत असतं, आणि एक दिवस कोणी तरी त्यातला एक आवाज उचलतं. युनेस्कोने २००१ मध्ये या गायकीला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला.

इथे आपल्याशी जोडलेला एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन यानं अवकाशात सोडली आणि प्रत्येक यानाबरोबर पृथ्वीवरच्या आवाजांची एक सोनेरी तबकडी पाठवली. तिच्यात काखेती प्रांतातलं ‘चाक्रुलो’ हे जॉर्जियन पंगतीचं गाणं आहे. आणि त्याच तबकडीत गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. दोन्ही गाणी आज सूर्यमालेच्या कडेपलीकडे एकाच तबकडीवर चालली आहेत. वर्गात हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, “म्हणजे ते आपले शेजारी झाले की.”

मुलांच्या गाण्याची परंपराही जुनी आहे. सोव्हिएत काळात त्बिलिसीतल्या रुस्तवेली मार्गावरच्या जुन्या राजवाड्यात मुलांसाठी पायोनियर केंद्र होतं. गाणं, नाच, चित्रकला, सगळं तिथे शिकवत. १९७० च्या दशकात मुलींचा ‘म्झिउरी’ हा गायन-वादन गट फार गाजला. म्झिउरी म्हणजे उन्हाने भरलेली, सूर्याचीच मुलगी म्हणा ना. पुढे मोठी गायिका झालेली तमारा ग्वेर्द्त्सितेली याच गटातून आली. ‘म्झेओ’ २०१६ मध्ये अचानक उगवला नव्हता.

जॉर्जियाने यजमानपद कधी घेतलं?

दोनदा. २६ नोव्हेंबर २०१७ ला त्बिलिसीच्या ऑलिंपिक पॅलेसमध्ये आणि १३ डिसेंबर २०२५ ला त्याच शहरात. २०१७ ला ग्रिगोल किपशिद्झे हा त्यांचा मुलगा १८५ गुणांवर थांबला आणि रशियाची पोलिना बोगुसेविच १८८ गुणांनी जिंकली. तीन गुणांचा फरक, आणि तोही स्वतःच्या शहरात. त्या रात्रीच्या निवेदकांत लिझी पॉप होती, २०१४ ला जॉर्जियातर्फे गायलेली मुलगी. स्पर्धा संपली तरी मुलांना ते विसरत नाहीत, हे मला फार आवडतं.

विजय नसलेल्या वर्षांचं काय?

बरीच वर्षं वरच्या पाचांत. २०१२ ला दुसरे, २०२१ ला चौथे, २०२२ ला तिसरे. घसरणही झाली. २०१४ ला अकरावे, २०१५ ला दहावे, २०१९ ला चौदावे. २०१९ ला गायलेल्या गियोर्गीचं गाणं आजही ऐकण्यासारखं आहे, क्रमांक बघून सोडून देऊ नका.

गुण कसे देतात? भारतातून मत देता येतं का?

देता येतं. निम्मे गुण परीक्षक मंडळांचे आणि निम्मे ऑनलाइन मतदानाचे. ऑनलाइन मतदान २०१७ पासून आहे आणि ते जगभरच्या लोकांना खुलं असतं. आपल्याला आवडलेली तीन गाणी निवडायची. एकच निवडून चालत नाही, त्यामुळे आपल्या देशाच्या मुलाला मत देणाऱ्यालाही आणखी दोन देशांच्या मुलांचं गाणं मनापासून ऐकावं लागतं. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. मतदानाचा एक टप्पा स्पर्धेच्या आधीच सुरू होतो आणि दुसरा सगळी गाणी झाल्यावर थोडा वेळ असतो. कार्यक्रम यूट्यूबवर दिसतो. वेळ बघताना एवढंच ध्यानात ठेवा की हिवाळ्यात मध्य युरोपातले संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेदहा. मुलांना दुपारी झोपवा.

मुलांवर दडपण येत नाही का?

येतं. आणि हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांचे मी आभार मानते.

स्पर्धेच्या आत या गोष्टीवर भांडणं झालेली आहेत. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या सुरुवातीच्या देशांच्या सार्वजनिक वाहिन्यांनी २००५ नंतर अंग काढून घेतलं. मुलांना ज्या तऱ्हेने वागवलं जातं ते त्यांना पटत नव्हतं. नियमही बदलत गेले. २००५ पासून २०१५ पर्यंत प्रत्येक देशाला मतमोजणीच्या आधीच १२ गुण दिलेले असत, म्हणजे कोणाही मुलाच्या नावापुढे शून्य दिसू नये. एवढा विचार कोणी तरी बसून केला, याचं मला अप्रूप आहे.

आता आपल्याकडचं सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तेव्हा साडेआठ वर्षांची. आवाज बारीक, पण सूर असा की तंबोरा तिच्याकडे बघून जुळवावा. आमच्या गावातल्या एका स्पर्धेत तिने भाग घेतला. संयोजकांनी गाण्यांची यादी दिली होती आणि यादीतली सगळी गाणी मोठ्या बायकांची होती, विरहाची, शृंगाराची. तिने त्यातलं एक गायलं. परीक्षकांनी माइकवरून, सगळ्यांसमोर सांगितलं, “आवाजात वजन नाही, भाव पोचला नाही.” विरहाचा भाव साडेआठ वर्षांच्या मुलीने कुठून आणायचा होता? घरी जाऊन तिने वजन आणायचा प्रयत्न केला. घसा दाबून दाबून गायली. तिसऱ्या आठवड्यात आवाज बसला. नंतर चार महिने ती वर्गात यायची, पण तोंड उघडायची नाही. कोपऱ्यात बसून टाळी धरायची.

तेव्हापासून मला ज्युनियर युरोव्हिजनच्या त्या एका अटीचं मोल कळलं : गाणं नवीन हवं. मुलाच्या वयाचं, मुलाच्या गळ्याचं, त्याच्यासाठी केलेलं. आपल्याकडची मुलं विलक्षण गातात. २००८-०९ मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’ने घराघरांतल्या लोकांना रात्री टीव्हीसमोर बसवलं होतं, मीही त्यांत होते आणि डोळे पुसत होते. पण ती मुलं मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेली गाणी गात होती. त्याच हिवाळ्यात लिमासोलमध्ये तिघं जण गांधीलमाश्या होऊन गुणगुणत होती. मराठीत बालगीतांची केवढी श्रीमंती आहे, कवी आहेत, संगीतकार आहेत. दरवर्षी दहा मुलांसाठी दहा नवीन गाणी करायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

ती मुलगी पुन्हा गायला लागली, तीही गुणगुणीपासूनच. त्यात वजन आणायचं नसतं.

भारत या स्पर्धेत उतरू शकतो का?

आजवर उतरलेला नाही. युनियनशी जोडलेल्या वाहिन्यांच्या देशांनाच तिथे जागा मिळते. युरोपाबाहेरचा ऑस्ट्रेलिया २०१५ ते २०१९ मध्ये निमंत्रणावरून आला होता, हे मात्र खरं.

२०२४ चा विजय सांगा ना.

१६ नोव्हेंबर २०२४, माद्रिद. १७ देश. अंद्रिया पुतकाराद्झे, गाणं ‘टू माय मॉम’, आईला उद्देशून गायलेलं. पोर्तुगाल दुसरा, युक्रेन तिसरा. अंद्रियाचे गुण २३९. मागे जाऊन बघा, २०१६ ला मारियमचेही २३९ च होते. मोजण्याची पद्धत वेगळी, मुलं वेगळी, आकडा तोच.

भाचीने त्या रात्री आपल्याकडे एक वाजून गेल्यावर फोन केला. देशातल्या निवडणुकीचा निकाल वादात होता, शहरात ताण होता, कॉलेजने मुलांना रात्री बाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. ती खोलीतच होती. तेवढ्यात जिन्यात धावपळ ऐकू आली म्हणून तिने दार उघडलं, तर घरमालकीणबाई उभ्या. त्या सत्तरीच्या आहेत, सगळी मुलं त्यांना ‘बेबिया’ म्हणतात, म्हणजे आजी. त्यांना इंग्रजी येत नाही, हिची जॉर्जियन मोडकीतोडकी. त्यांच्या हातात चुर्चखेला होती. अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवून वाळवतात, ती मेणबत्तीसारखी लांब मिठाई. ती हिच्या हातात दिली आणि छातीवर हात ठेवून त्या एकच शब्द म्हणत राहिल्या, “देदा, देदा.” हिला वाटलं दीदी म्हणतायत. देदा म्हणजे आई. आणि जॉर्जियनमध्ये ‘मामा’ म्हणजे वडील, हे कळल्यावर आमच्या घरात चार दिवस गोंधळ चालला होता.

ही नावं उच्चारायची कशी? सगळी ‘श्विली’ आणि ‘द्झे’वर का संपतात?

जशी लिहिली आहेत तशीच म्हणा. देवनागरीत जोडाक्षरं आहेत म्हणून आपल्याला ती इंग्रजी वाचणाऱ्यांपेक्षा बरी जमतात. ‘श्विली’ म्हणजे मूल किंवा अपत्य, आणि ‘द्झे’ म्हणजे मुलगा. रोमेलाश्विली, काखेलिश्विली, ममादाश्विली, एदिलाश्विली. जॉर्जियातर्फे गायलेल्या या प्रत्येक मुलीच्या आडनावातच ‘मूल’ हा शब्द आहे.

आम्ही कुठून ऐकायला सुरुवात करू?

घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर ‘ब्झ्झ’पासून. दहाच्या पुढचं असेल तर आधी २०२२ ची मारियम बिगवावा, मग २०२१ चा निको काजाया. ‘म्झेओ’ सर्वांत शेवटी, रात्री, दिवे मंद करून, फोनच्या स्पीकरवर न लावता चांगल्या हेडफोनवर. त्यानंतर लगेच दुसरं काही लावू नका. आणि दुसऱ्या दिवशी मूल आपण होऊन काही गुणगुणताना दिसलं तर काय गातोस म्हणून विचारू नका, फोनवर शूटिंग तर नकोच. दाराआड उभं राहून ऐका.